डाईंगच्या खात्यात हवेवर चालणारा दरवाजा: अक्कलकोट रोड एमआयडीसीतील वापरानंतरचे परीक्षण

टॉवेलच्या कारखान्यातील डाईंगचे खाते ही कोणत्याही विजेच्या उपकरणासाठी वाईट जागा आहे. कॉस्टिक सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या गरम द्रावणातून उठणारी वाफ, सतत ओली राहणारी फरशी, सुताचे हवेत तरंगणारे तंतू आणि वर सोलापूरचा उन्हाळा, एवढे सगळे एकत्र आल्यावर मोटरवर चालणाऱ्या शटरचे लिमिट स्विच आणि पॅनेलमधील कॉन्टॅक्टर किती काळ टिकणार, हे इथल्या कोणत्याही देखभाल खात्याला वेगळे सांगावे लागत नाही. म्हणून डाईंग आणि सुकवणीच्या खात्यांमधील दरवाजासाठी आम्ही मोटरऐवजी दाबाखालील हवेवर चालणारी स्वयंचलित यंत्रणा घेतली. उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही पाहून झाल्यावर आता तिच्याविषयी ठाम मत देता येते. यंत्रणा उत्तम आहे. मात्र ती किती उत्तम चालेल हे तिच्या डब्यातून आलेल्या सामानापेक्षा आपण तिला कोणती हवा देतो आणि दरवाजाची स्प्रिंग किती नीट तोललेली आहे, यांवर अधिक ठरते.

आधी ही वस्तू काय आहे ते सांगणे आवश्यक आहे, कारण चौकशीला येणारे बरेच जण तिला गुंडाळणाऱ्या शटरचाच प्रकार समजतात. दरवाजा आडव्या पट्ट्यांचा असतो. या पट्ट्या बिजागरींनी एकमेकींना जोडलेल्या असतात आणि दोन्ही बाजूंच्या रुळांतून वर सरकत जाऊन छताखाली आडव्या होतात. दरवाजाचे वजन पेलण्याचे काम वरच्या शाफ्टवर बसवलेली पीळदार टॉर्शन स्प्रिंग करते. आमचा दरवाजा 3 मीटर रुंद आणि 3 मीटर उंच असून आतील फोम धरून त्याचे वजन शंभर किलोच्या वर भरते. तरीही स्प्रिंग नीट तोललेली असताना तो एका हाताने उचलता येतो. हवेच्या सिलिंडरला वजन उचलायचेच नसते. तोललेला दरवाजा फक्त हलवायचा असतो. आमच्या यंत्रणेत 63 मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर असून त्याचा दांडा दीड मीटर सरकतो आणि कप्पी व वायर रोपच्या दुहेरी जोडणीमुळे तेवढ्यात दरवाजा 3 मीटर चालतो. अंतर दुप्पट होते, तेव्हा बळ निम्मे होते, हा हिशेब पुढे उपयोगी पडणार आहे.

बसवण्याच्या कामात सर्वाधिक वेळ सिलिंडरला नव्हे, भिंतीला लागला. जुन्या शेडमधील दरवाजावरची भिंत विटांची असेल, तर निव्वळ अँकर बोल्टवर भरवसा ठेवू नये. दिवसातून शेकडो वेळा बसणारे झटके वीट झेलत नाही आणि बोल्ट हळूहळू सैल होत जातात. आम्ही दोन्ही बाजूंच्या खांबांना जोडणारा लोखंडी चॅनल आधी वेल्ड करून घेतला आणि सिलिंडरचा ब्रॅकेट त्यावर बसवला. रूळ एकमेकांना समांतर आहेत का, हे पाहण्यासाठी चौकटीचे दोन्ही कर्ण मोजावेत. ते समान भरले नाहीत तर पुढचे काम सुरूच करू नये. सिलिंडर दरवाजाच्या चालीच्या रेषेत नसेल तर दांड्यावर बाजूने ताण येतो, पुढची बुश एका अंगाने झिजते आणि वर्षभरात तिथून हवा फुसफुसू लागते. तेव्हा लोक सील बदलतात, नवे सीलही तसेच जाते आणि दोष मालाच्या दर्जाला दिला जातो.

टॉर्शन स्प्रिंगच्या बाबतीत एक सूचना स्पष्ट शब्दांत द्यायला हवी. पीळ भरलेली स्प्रिंग सोडणे किंवा आवळणे हे काम योग्य लांबीच्या दोन वाइंडिंग सळ्या आणि त्याचा सराव असलेल्या माणसाशिवाय कोणीही करू नये. स्क्रू ड्रायव्हर घालून पीळ फिरवण्याचा प्रकार आपल्याकडे सर्रास दिसतो आणि तो हात मोडण्याचा हमखास मार्ग आहे. तोल तपासणे मात्र कोणालाही जमते. हवा बंद करून सिलिंडरची जोडणी दरवाजापासून सोडावी, दरवाजा हाताने कमरेपर्यंत उचलावा आणि सोडावा. तो तिथेच थांबला तर स्प्रिंग ठीक आहे. खाली आला किंवा वर निघाला तर आधी तिचे काम करून घ्यावे.

आता हवेविषयी. इथे थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण या यंत्रणेच्या तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा इथेच सापडते. बाहेरची हवा 7 बारपर्यंत दाबली की तिचे आकारमान साधारण आठपट घटते. ती थंड होताना तिच्यातील बाष्प पाणी होऊन बाहेर पडते. सोलापूरची हवा वर्षातील बराच काळ कोरडी असते, त्यामुळे इथे ड्रायरची गरज नाही असा समज आहे. परंतु कॉम्प्रेसर डाईंगच्या भिंतीला लागून ठेवलेला असेल, तर तो शहराची हवा ओढत नसतो, डाईंगची वाफ ओढत असतो. आमच्याकडे कॉम्प्रेसरच्या हवा घेणाऱ्या तोंडाला पाइप जोडून ते शेडच्या बाहेर, सावलीच्या बाजूला नेले आणि टाकीला आपोआप पाणी सोडणारा ड्रेन लावला. मुख्य लाइनला शंभरास एक असा उतार दिला असून दरवाजाकडे जाणारी शाखा तिच्या खालच्या अंगातून न काढता वरच्या अंगातून काढून वळवून खाली आणली आहे, म्हणजे लाइनमध्ये साचलेले पाणी वॉल्व्हकडे येत नाही. एवढे केल्यावरही फिल्टरच्या भांड्यात थोडे पाणी दिसतेच, पण ते भांड्यातच राहते.

तेलाविषयी पुरवठादाराने दिलेला सल्ला योग्य वाटला. सध्याचे बहुतेक सिलिंडर ग्रीस भरूनच येतात आणि त्यांना वेगळे तेल लागत नाही. एकदा लुब्रिकेटरमधून तेल देणे सुरू केले की कारखान्यातून आलेले ग्रीस धुऊन जाते आणि मग तेल कधीच बंद करता येत नाही. त्यामुळे एफआरएल (फिल्टर, दाब ठरवणारा रेग्युलेटर आणि लुब्रिकेटर यांचा एकत्र संच) ऐवजी नुसता फिल्टर आणि रेग्युलेटर घेतला तरी चालते. तेल द्यायचेच ठरवले तर आयएसओ व्हीजी 32 दर्जाचे न्यूमॅटिक तेल द्यावे; शिलाई मशीनचे किंवा गाडीचे उरलेले तेल घातल्यास सीलचे रबर फुगते.

सामानाच्या बाबतीत एक तक्रार आहे. सोबत आलेल्या ट्यूब पॉलिएस्टर जातीच्या पीयूच्या (पॉलियुरेथेनच्या) होत्या आणि डाईंगच्या गरम, दमट हवेत त्या टिकत नाहीत. काही काळाने फिटिंगपाशी त्यांना बारीक तडे जाऊ लागतात. अशा जागेसाठी पॉलिइथर जातीचा पीयू किंवा नायलॉनची ट्यूब घ्यायला हवी. शिवाय मे महिन्यात बाहेर 42-43 अंश असताना पत्र्याखालची हवा त्याहून बरीच गरम असते आणि तापमान वाढले की प्लास्टिकच्या ट्यूबची दाब सोसण्याची क्षमता उतरते. वापराची जागा ऑर्डरमध्ये लिहून दिली असतानाही पुरवठादाराने साधे सामान पाठवावे, हे पटले नाही. सिलिंडरही अॅल्युमिनियमच्या नळीचा आला. कॉस्टिक सोडा अॅल्युमिनियमला खातो, वरच्या अॅनोडाइझिंगलाही सोडत नाही. आमचा सिलिंडर छताजवळ, शिंतोड्यांपासून दूर असल्यामुळे निभावले. जिथे तो द्रावणाच्या टाकीजवळ येणार असेल तिथे स्टेनलेस स्टीलचाच मागावा.

यंत्रणा चालू करताना दोन गोष्टींचा घोळ होतो आणि हा घोळ धोकादायक आहे. दरवाजाचे बळ रेग्युलेटरवर ठरते, तर वेग फ्लो कंट्रोल वॉल्व्हवर. दरवाजा संथ वाटला की ऑपरेटर रेग्युलेटरची मूठ फिरवून दाब वाढवतात. वेग थोडा वाढतो, पण त्याहून कितीतरी अधिक बळ वाढते आणि ते डोळ्यांना दिसत नाही. 63 मिलिमीटरचा सिलिंडर 6 बार दाबावर सुमारे 190 किलोचे बळ लावतो, दांड्याच्या बाजूने ओढताना त्यात दहाएक टक्के घट होते. कप्पीच्या जोडणीमुळे निम्मे झाले तरी दरवाजाच्या खालच्या कडेला 85 ते 95 किलो उरतात. यंत्रचलित दरवाजांसाठीच्या ईएन 12453 या युरोपीय मानकात अरुंद फटीत सापडलेल्या माणसावर येणाऱ्या बळाची मर्यादा 400 न्यूटन, म्हणजे सुमारे 40 किलो, धरलेली आहे. म्हणून आम्ही उघडण्याच्या बाजूला 4 बार आणि बंद होण्याच्या बाजूला स्वतंत्र रेग्युलेटर लावून अडीच बार ठेवले आहेत. तोललेला दरवाजा तेवढ्यावर व्यवस्थित बंद होतो. होत नसेल तर रेग्युलेटरला हात न लावता पुन्हा स्प्रिंगचा तोल पाहावा. दोन्ही रेग्युलेटरच्या मुठींना कुलूप लावण्याची सोय आहे आणि ती वापरावी.

वेगासाठी फ्लो कंट्रोल सिलिंडरमधून बाहेर पडणाऱ्या हवेला अडवतील अशा दिशेने बसवायचे असतात. त्यामुळे पिस्टनच्या पुढे हवेची उशी राहते आणि दरवाजा झटके न देता चालतो. सोबतच्या माहितीपुस्तिकेतील आकृतीत बाणाची दिशा उलटी छापलेली आहे. आमच्या जुन्या फिटरांनी ती पाहताक्षणी बाजूला ठेवली आणि वॉल्व्हवरच्या खुणेवरून काम केले, पण नवख्या माणसाचा दिवस यात वाया जाईल. चालीच्या अगदी शेवटच्या थोड्या अंतरात दरवाजा हळू व्हावा यासाठी सिलिंडरच्या दोन्ही टोकांना कुशनचे स्क्रू असतात. ते पूर्ण आवळून नंतर थोडे थोडे सैल करत जावे.

या रचनेचा एक परिणाम मात्र सकाळी पहिल्या पाळीच्या लोकांना घाबरवतो. रात्री हवा बंद करून लाइन रिकामी केली असेल, तर सकाळी पहिल्यांदा दरवाजा एकदम उसळी मारतो, कारण अडवण्यासाठी सिलिंडरच्या दुसऱ्या बाजूला हवाच नसते. अनेक जण याला वॉल्व्हचा बिघाड समजून तो बदलतात. उपाय साधा आहे: फिल्टरनंतर सॉफ्ट स्टार्ट वॉल्व्ह बसवला की दाब सावकाश भरतो आणि पहिली चालही शांत होते. हा वॉल्व्ह मूळ संचात असायलाच हवा होता. तो वेगळा विकत घ्यावा लागला.

वीज जाण्याचा प्रश्न सोलापुरात टाळता येणारा नाही. यंत्रणेत 24 व्होल्टचा, एकाच सोलेनॉइडचा (विजेच्या चुंबकाचा) आणि स्प्रिंगने परत येणारा 5/2, म्हणजे पाच तोंडांचा आणि दोन स्थितींचा, वॉल्व्ह आहे. वीज गेली की वॉल्व्ह मूळ जागी येतो आणि टाकीत हवा असेपर्यंत दरवाजा उघडतो. प्रत्येक झटक्याला दरवाजा उघडणे त्रासाचे आहे, विशेषतः वळवाच्या पावसाआधी धुळीचा लोट उठतो तेव्हा, आणि म्हणून दोन सोलेनॉइडचा, आहे त्या स्थितीत राहणारा वॉल्व्ह लावावा असा आग्रह आमच्या सुकवणी खात्याने धरला होता. तो मान्य केला नाही. तसा वॉल्व्ह लावल्यास दरवाजा बंद होत असताना वीज गेली, तर सेन्सर आंधळा झालेला असतो आणि दरवाजा मात्र खाली येतच राहतो. त्याऐवजी सेन्सर, वॉल्व्ह आणि कंट्रोलरसाठी एक छोटा यूपीएस लावला. या तिन्हींना मिळून फारच थोडी वीज लागते. 500 लिटरची टाकी 7 बारपर्यंत भरलेली असेल, तर कॉम्प्रेसर बंद असतानाही दरवाजा पंचविसेक वेळा सहज उघड-बंद होतो. मोटरच्या शटरला हे कधीच जमले नसते.

आता बिघाड शोधण्याविषयी. दरवाजा हलत नसेल तर सर्वप्रथम वॉल्व्हवरचे हाताने दाबायचे बारीक बटण, म्हणजे मॅन्युअल ओव्हरराइड, दाबून पाहावे. त्याआधी दरवाजाखाली कोणी नाही याची खात्री करावी. बटण दाबल्यावर दरवाजा चालला तर हवेची बाजू ठीक आहे आणि दोष विजेकडे आहे: कॉइल, वायर, कंट्रोलर किंवा सेन्सर. चालला नाही तर विजेचा पॅनेल उघडण्याचे कारणच नाही. या एका तपासणीने निम्मे काम होते, आणि तरीही पॅनेल आधी उघडण्याची सवय जात नाही.

हवेची बाजू तपासताना गेजकडे दरवाजा स्थिर असताना पाहून उपयोग नसतो. स्थिर अवस्थेत बुजलेल्या फिल्टरमागेही पूर्ण दाब दिसतो. दरवाजा चालत असताना काटा 4 वरून एकदम दीडवर येत असेल, तर फिल्टरची कांडी भरलेली आहे, ट्यूब बारीक पडते आहे किंवा कुठेतरी ती दुमडली आहे. गेज पडत नाही, तरीही दरवाजा दिवसेंदिवस संथ होत चालला आहे, अशी तक्रार टॉवेलच्या कारखान्यात विशेष दिसेल. तिचे कारण वॉल्व्हच्या बाहेर जाणाऱ्या तोंडांवरील सायलेन्सर असतात. त्यांच्या सच्छिद्र पितळी टोपीवर तेलकट ओल येते, त्यावर सुताचे तंतू बसतात आणि काही आठवड्यांत तिथे नमद्यासारखा थर जमतो. सायलेन्सर काढून एकदा दरवाजा चालवून पाहावा. वेग परत आला तर निदान झाले. टोप्या रॉकेलमध्ये धुऊन उलट्या बाजूने हवा मारली की पुन्हा वापरता येतात. आम्ही आता त्या तोंडांना ट्यूब जोडून सायलेन्सर भिंतीपलीकडे, तंतू नसलेल्या जागी नेऊन बसवले आहेत.

दरवाजा स्थिर असताना वॉल्व्हच्या बाहेरच्या तोंडातून सतत हवा येत असेल, तर पिस्टनचे सील गेले की वॉल्व्हचा स्पूल (आतला सरकता दांडा), हा प्रश्न पडतो. दरवाजा पूर्ण उघड्या स्थितीत खालून आधार देऊन अडकवावा आणि सिलिंडरच्या ज्या बाजूला त्या वेळी दाब नाही, तिकडची ट्यूब सिलिंडरपाशी सोडावी. सिलिंडरच्या तोंडातून हवा येत राहिली तर पिस्टनचे सील गेले आहे. तिथे शांतता असून वॉल्व्हमधून आवाज येतच असेल तर दोष वॉल्व्हचा आहे. नव्या जोडणीनंतर लगेच अशी गळती सुरू झाली असेल, तर बहुधा फिटिंगला गुंडाळलेल्या टेफ्लॉन टेपचा तुकडा स्पूलमध्ये जाऊन बसलेला असतो. टेप पहिला आटा मोकळा सोडून गुंडाळावी, म्हणजे हा त्रास होत नाही.

दरवाजा खाली येता येता मध्येच उलटा वर जात असेल, तर फोटो सेन्सर पाहावा. आमच्या संचातील सेन्सर रिफ्लेक्टरवरून किरण परत घेणारा होता आणि जिगरचे, म्हणजे कापड रंगवण्याच्या यंत्राचे, झाकण उघडले की वाफेच्या ढगालाच तो माणूस समजत असे. समोरासमोर बसणारा, एका बाजूने किरण सोडणारा आणि दुसऱ्या बाजूने घेणारा जोडीचा सेन्सर लावल्यावर ही तक्रार जवळपास संपली, कारण त्याच्या किरणाला वाफेतून एकदाच जावे लागते आणि त्याची ताकदही अधिक असते. काचेवर जड पाण्याचे पांढरे डाग बसतात, ते पातळ व्हिनेगरने निघतात. सेन्सरला बगल देऊन दरवाजा चालवण्याचा मोह पाळीच्या गर्दीत होतो, हे खरे आहे. त्यासाठी पॅनेलची किल्ली सुपरवायझरकडेच ठेवणे बरे.

खर्चाविषयी नेहमी विचारले जाते की हवा महाग असते, मग मोटरपेक्षा हे परवडते कसे. हवा महाग असते हे बरोबर आहे. आमच्या सिलिंडरला दोन्ही चालींना 4 बार दिले, तर एकदा उघडून बंद होण्यास सुमारे 45 लिटर मोकळी हवा लागेल. शंभर वेळांना वीज अर्धा ते पाऊण युनिट. याउलट 7 बारच्या लाइनला असलेल्या एक मिलिमीटरच्या भोकातून मिनिटाला 60 ते 70 लिटर हवा जाते. म्हणजे दरवाजाच्या एका पूर्ण फेरीपेक्षा जास्त हवा एका न ऐकू येणाऱ्या भोकातून दर मिनिटाला वाया जाते आणि कॉम्प्रेसर अहोरात्र चालत असेल तर महिन्याला तीनशेच्या आसपास युनिट त्यात जातात. दरवाजाच्या वापराची चिंता करण्यापेक्षा साबणाचे पाणी आणि ब्रश घेऊन सगळ्या फिटिंगवरून फिरणे लाभाचे आहे. सुट्टीच्या दिवशी, माग बंद असताना, ही गळती कानांनाही ऐकू येते.

ज्या कारखान्यात कॉम्प्रेसर आधीच चालू आहे आणि दरवाजाची जागा ओली किंवा वाफेची आहे, तिथे ही यंत्रणा निःशंकपणे घ्यावी. होटगी रोड किंवा चिंचोळीच्या कोरड्या गोदामांना तिची गरज नाही; तिथे चांगली मोटर पुरते आणि केवळ दरवाजासाठी कॉम्प्रेसर बसवणे तर उधळपट्टी ठरेल. घराच्या गॅरेजसाठी चौकशी करणाऱ्यांना आम्ही कॉम्प्रेसरच्या आवाजाची आठवण करून देतो.

पुरवठादाराची सेवा मध्यम म्हणावी लागेल. फोनवर माहिती देणारा माणूस जाणकार होता, पण प्रत्यक्ष भेटीसाठी पुण्याहून कोणी येईपर्यंत थांबावे लागले. सुदैवाने सिलिंडर, वॉल्व्ह आणि फिटिंग प्रमाणित मापांची आहेत आणि विणकाम व शिलाईच्या कारखान्यांमुळे असे सामान शहरातच मिळते. मिळत नाही ते वायर रोपच्या टोकांचे खास क्लँप आणि कप्पीचे बेअरिंग. खरेदीच्या वेळीच त्यांचा एक जादा संच, सीलच्या किटसह, बिलात लावून घ्यावा.